सामान आमचं, कुलूप तुमचं

पॅकर्स अँड मूव्हर्सवाले साहेब यांस,

हे पत्र तुमच्या नावावर लिहायची माझी इच्छा होती. पण तुमच्या कोटेशनवर एक नाव, पैसे घेतले त्या खात्यावर दुसरं आणि ट्रकच्या दारावर तिसरंच. त्यातलं एकही मी इथे देत नाही, कारण त्याच नावाचा कुणी सरळमार्गी माणूस कुठे धंदा करत असेल तर त्याला फुकट बट्टा लागायचा. कोटेशनवरच्या पत्त्यावर आम्ही वकिलांमार्फत नोटीस पाठवली, ती पोस्टाचा शेरा घेऊन परत आली. मग माझा भाचा त्या पत्त्यावर जाऊन आला. तिथे टायरचं दुकान आहे. दुकानदार त्याला म्हणाला, तुम्ही काही पहिले नाही, त्यांना शोधत माणसं येतच असतात. बंद पाकिटातलं पत्र तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून हे उघड्यावर.

गडचांदूरची कॉलनी तुम्हाला चांगली ठाऊक आहे. कोरपना तालुक्यातल्या या चुनखडीच्या पट्ट्यात १९८०च्या दशकापासून एकेक सिमेंट कारखाना उभा राहत गेला. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही ही नावं सिमेंटच्या पोत्यांमुळे लांबवर गेली. राजस्थान, बिहार, तेलुगू मुलूख, वऱ्हाड, कुठून कुठून माणसं नोकरीला आली, क्वार्टरमध्ये राहिली, मुलं वाढवली. आणि निवृत्त झालं की क्वार्टरची चावी परत. हा नियम आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि त्याबद्दल माझी कारखान्याविरुद्ध काही तक्रार नाही. पण दर वर्षी कुणाचं ना कुणाचं घर इथे खोक्यांत भरलं जातं, ते ठरलेल्या तारखेच्या आत भरावंच लागतं आणि भरणारी माणसं साठीच्या घरात असतात, हे तुम्ही नीट हेरलंत. कॉलनीच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तुमच्या कार्डांची चळत उगाच ठेवलेली नव्हती.

आमची पाळी मे महिन्यात आली. चंद्रपूर जिल्ह्यातला मे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको; पारा ४५ च्या वर गेला तरी इथे कुणी बोलून दाखवत नाही. त्या उन्हात मी घर उतरवत होते. सिमेंटच्या गावात घर आवरणं हे वेगळंच काम असतं. कपाट सरकवलं की मागे राखाडी थर, आणि तो ओल्या फडक्यानं पुसला की आणखी घट्ट बसतो. आधी कोरडा ब्रश, मग ओलं फडकं. गुंड, गंज, कोपर, सराटे, एकेक भांडं असं पुसून मी वेगळं काढलं. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधला, वरून जुनं सुती पातळ गुंडाळलं आणि ती तांदळाच्या पिंपात मधोमध बसवली, म्हणजे हलणार नाही. तुळस शेजारणीला दिली. पाटा-वरवंटा कुणी घ्यायला तयार नव्हतं; तो सासूबाईंनी सोबत न्यायला लावला.

तुम्ही पाठवलेली पोरं कामाची होती, हे मी मनापासून लिहिते. ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या लावायच्या आणि दोहोंमध्ये पुठ्ठा घालायचा. पुस्तकं लहान खोक्यात, गाद्या-उशा मोठ्या खोक्यात. काचेच्या पेल्यात आधी चुरगळलेला कागद आणि मग बाहेरून गुंडाळी. हे सगळं त्यांच्या हातात बसलेलं होतं. बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, पितळी कड्या-साखळ्या सोडवताना त्यांच्यातल्या एकानं प्रत्येक साखळीला चिठ्ठी बांधली, कुठली डावीकडची नि कुठली उजवीकडची ते कळावं म्हणून. चहा घेताना तोच म्हणाला की मागच्या दोन खेपांचे पैसे अजून मिळालेले नाहीत. या पत्रातला एकही शब्द त्या पोरांना लागू नाही. तुम्ही त्यांनाही लुबाडता, एवढंच त्या दिवशी मला नव्यानं कळलं.

आता तुमच्या मुकादमाच्या यादीबद्दल. खोक्यांना नंबर टाकत तो एकेक वस्तू लिहीत होता आणि प्रत्येक वस्तूपुढे ठरावीक शब्द: जुनं, ओरखडे, पोचा. फ्रिज दोन वर्षांचा होता, त्याच्यापुढेही जुनं, ओरखडे. मी हटकलं तर म्हणाला, 'मॅडम, फॉर्मॅलिटी आहे, सगळ्यांचंच असं लिहितो.' बरोबर बोलला तो. सगळ्यांचंच तसं लिहिता तुम्ही. म्हणजे माल चढायच्या आधीच नुकसानीचा जबाब तयार असतो.

ठरलेले पैसे १८,००० होते. पॅकिंग, चढवाई, गाडीभाडं, उतराई, जीएसटी, सगळं धरून. त्याशिवाय विम्याचे म्हणून ३ टक्के, तेही सामानाच्या तुम्हीच लावलेल्या किमतीवर. ५,००० आगाऊ दिले. गाडी दुपारी गेटबाहेर पडली. राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर, वरोरा, जाम, बुटीबोरी, नागपूर, ही वाट इथल्या शाळकरी पोराला पाठ आहे. रात्री नऊपर्यंत सामान नागपूरच्या फ्लॅटवर यायला हवं होतं.

सातच्या सुमारास तुमचा फोन आला. सकाळपर्यंत मी मॅडम होते, आता काकू झाले. 'काकू, टेन्शन नका घेऊ, गाडी जामच्या अलीकडे उभी आहे. पण आणखी १६,००० टाकावे लागतील. टाकले की गाडी निघते.' आवाज कुठेही चढला नाही. शिवी नाही, धमकी नाही. रोज तेच बोलणाऱ्या माणसासारखे तुम्ही बोललात, आणि तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

कारणं तुम्ही चार दिलीत. ती एकेक घेते, कारण पुढच्या घराला हीच ऐकवणार आहात.

वजन जास्त भरलं म्हणालात. मग काट्याची चिठ्ठी कुठे आहे? तुमच्या कोटेशनमध्ये वजनाचा आकडाच नव्हता. माणूस घरी येऊन, खोल्या पाहून, सामान मोजून भाव सांगून गेला होता. मजला वरचा आहे म्हणालात. तिसरा मजला आणि लिफ्ट, दोन्ही तुमच्याच कागदावर लिहिलेलं आहे. जीएसटीच्या नाक्यावर गाडी अडली म्हणालात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले, आणि गडचांदूर ते नागपूर तर राज्याची सीमाच लागत नाही. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. नियमातच तशी सूट दिलेली आहे. आणि चौथं कारण तुम्ही खास आमच्या जिल्ह्यासाठी शोधून काढलंत: बंगई आणि दिवाण सागवानाचे आहेत, फॉरेस्टच्या नाक्यावर पैसे भरावे लागले.

चंद्रपूरच्या माणसाला सागवानाची भीती घालता! बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत गेलं, ते आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं. जंगलाच्या जिल्ह्यातला माणूस वनखात्याला वचकून असतो, हे हेरून तुम्ही ते नाव घेतलंत. वनखात्यानं पैसे घेतले असतील तर पावती दिली असेल. ती दाखवा. आजतागायत दाखवलेली नाही.

आम्ही नाही म्हटलं, आणि तुम्ही फोन बंद केलात.

त्या रात्री नागपुरातल्या तीन रिकाम्या खोल्यांत आम्ही काय केलं ते तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. लोखंडी कूलर तुमच्या ट्रकमध्ये, गाद्या तुमच्या ट्रकमध्ये. त्यांच्या गोळ्या मी पर्समध्ये ठेवल्या होत्या म्हणून वाचलो; पण वाफ घ्यायचं यंत्र आठ नंबरच्या खोक्यात होतं. फरशी दोनदा धुतली तरी गार होईना. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंची आमची ओळखही नव्हती. त्यांनी टेबलफॅन, दोन चटया आणि पाण्याचा माठ आणून दिला. सासूबाई रात्रभर एकच विचारत होत्या, गाडीला अपघात तर नाही ना झाला? सामान कुणी अडवून धरलं असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

अडवून ठेवलेल्या त्या सामानाची बाजारात किंमत काय? भंगारवाला पाटा-वरवंटा फुकटसुद्धा नेणार नाही. जुना कूलर, कापसाच्या गाद्या, मुलांची प्रगतिपुस्तकं, चाळीस वर्षांचे फोटो. तुम्हाला विकून त्यातून १६,००० सुटले नसते. पण ते आमच्याकडून सुटतील हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या कुणाला कवडीमोलाचं असलेलं सामान तुम्ही ज्याचं त्यालाच विकायला काढता. असं गिऱ्हाईक दुसरीकडे पळून जाऊ शकत नाही आणि घासाघीसही करू शकत नाही.

या जिल्ह्यात घर उचलावं लागणं नवं नाही. खाणींसाठी गावं उठली. ताडोबातून जामणी, बोटेझरी अशी गावं बाहेर आली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं लोकांनी ट्रॅक्टरवर चढवली. २६ ऑगस्ट २०२२ ला घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गडप झालं, खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. आजूबाजूच्या लोकांना राहती घरं सोडून निघावं लागलं. अशा घाईत हाती लागेल ते बाहेर काढताना माणसाची काय अवस्था होते, ते इथल्या प्रत्येकाला कळतं. तुम्हीही याच भागात गाडी फिरवता, म्हणजे तुम्हालाही कळत असणार. आणि ते कळत असूनच तुम्ही असं करता.

सामान अडलं त्याच रात्री यजमान चौकीवर गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं की हा तुमचा आपसातला पैशांचा व्यवहार आहे, ग्राहक मंचात जा. कुठली चौकी ते लिहीत नाही, कारण हे उत्तर एकाच चौकीचं नाही. ज्यांच्या ज्यांच्याशी मी नंतर बोलले त्या सगळ्यांना ते मिळालेलं आहे. तुमचा सगळा धंदा याच एका वाक्याच्या आडोशाला उभा आहे. भाड्यावरून वाद, दिवाणी मामला, तुम्ही आणि ते बघून घ्या.

नाही साहेब. हा भाड्यावरचा वाद नाही. भाडं कागदावर ठरलं होतं. दुसऱ्याच्या विश्वासावर ताब्यात आलेली वस्तू अडकवून पैसे उकळणं याला कायद्यात वेगळं नाव आहे, आणि वाहतूकदारासाठी तर खास वेगळी तरतूद आहे. १८६० च्या दंडसंहितेत कलम ४०७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ३१६ च्या पोटकलम ३ मध्ये आलं आहे: वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाबाबत विश्वासघात केला तर ७ वर्षांपर्यंत कैद. खंडणीसाठी कलम ३०८ आहे ते निराळं. आणि गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आमच्या हद्दीत घडलं नाही, असं म्हणून परत पाठवता येत नाही. ज्याचं सामान अडलं आहे त्यानं ठाण्यात जाताना ही कलमं कागदावर लिहून न्यावीत आणि तक्रार लेखी द्यावी. तोंडी गेलं की आपसातला व्यवहार होतो.

कोटेशनच्या पाठीमागे तुम्ही बारीक अक्षरात छापलं आहे, 'वाहतुकीतील नुकसानीस कंपनी जबाबदार नाही.' छापा खुशाल. इंग्रजांनी १८६५ साली वाहतूकदारांचा कायदा केला होता, त्याच्या जागी २००७ चा रस्ते वाहतूक कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून तो लागू आहे. माल वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्याला त्यात नोंदणी सक्तीची आहे, माल घेतल्याची बिल्टी देणं सक्तीचं आहे. मालाचं नुकसान झालं किंवा तो पोचलाच नाही तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा गिऱ्हाइकानं सिद्ध करायची गरज नाही. जबाबदारी साधारण भाड्याच्या १० पटींपर्यंत येते, आणि मालाची जास्त किंमत जाहीर करून जास्त दर भरला असेल तर त्याहूनही पुढे. फक्त माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आमची नोटीस तुमच्या पत्त्यावरून परत आली, पण पाठवल्याची पावती आमच्याकडे आहे, तारखेसह.

तुम्ही आम्हाला बिल्टी दिलीच नाही. मागितली तर म्हणालात, गाडी पोचली की ड्रायव्हर देईल. तुमच्याकडे नोंदणी असती तर बिल्टीवर तिचा नंबर टाकला असतात, असा मी याचा अर्थ लावला आहे. चुकत असेन तर नंबर जाहीर करा. आणि विम्याचे ३ टक्के घेतलेत त्याची पॉलिसी कुठे आहे? विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसीचा नंबर नाही, फक्त तुमच्याच पावतीवर एक ओळ. विमा विकायचा परवाना तुम्हाला कुणी दिला?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पैसे भरले. सासूबाईंना आणखी एक रात्र फरशीवर काढायला लावायची नव्हती. पैसे यूपीआयनं भरले आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'सामान अडवल्यामुळे, हरकत राखून.' तुम्ही रोख मागत होतात, पानटपरीवाल्याकडे ठेवा म्हणत होतात. ते आम्ही केलं नाही. ज्याला ज्याला असा फोन येईल त्याला माझं हेच सांगणं आहे. द्यायची वेळ आलीच तर माग राहील असे द्या, प्रत्येक फोननंतर त्याचंच बोलणं मेसेजमध्ये लिहून त्यालाच पाठवा, आणि गाडीचा व ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो सामान चढायच्या आधी काढा.

सामान संध्याकाळी आलं. वेगळ्याच गाडीतून. आमच्या दारातून निघालेला बंद आयशर कुठेतरी रिकामा करून तुम्ही आमचं घर दुसऱ्या एका उघड्या ट्रकमध्ये, आणखी कुणाच्या तरी सामानासोबत, ताडपत्रीखाली कोंबलं होतं. बरणी वाचली, कारण ती मी भरली होती. फ्रिजच्या दाराला पोचा. दिवाणाचा पाय निखळलेला. बंगईची फळी आली, पण चिठ्ठ्या बांधलेल्या पितळी कड्या-साखळ्यांची पिशवी आली नाही. ड्रायव्हरनं यादी पुढे केली आणि म्हणाला, सही करा, सगळं बरोबर मिळालं म्हणून. फ्रिजपुढे लिहिलेलंच होतं, जुनं, ओरखडे, पोचा. मी सही केली, पण तिच्या वर काय आलं नाही आणि काय मोडलं ते सगळं लिहून मग केली, आणि तिचा फोटो काढला. तो तुमच्या माणसाला आवडला नाही.

तुमची रचना कशी आहे ते मला नंतर चौकशीतून कळलं. तुमच्याकडे ट्रक नाही, गोदाम नाही. ऑनलाइन कुठेतरी गिऱ्हाइकानं आपला नंबर टाकला की तो विकला जातो आणि तासाभरात दहा फोन येतात. त्यातला सगळ्यात कमी भाव तुमचा, कारण तो भाव पाळायचाच नसतो. पोरं रोजंदारीवर, गाडी भाड्याची, मधला नफा तुमचा, आणि गाडी अर्ध्या वाटेवर आली की खरा भाव सुरू. इथल्या बाजारात आपल्या नावाची पाटी लावून बसलेला टेम्पोवाला असं करूच शकत नाही. दुसऱ्या आठवडी बाजारात त्याला तोंड दाखवायचं असतं. तुम्हाला तोंडच नाही, म्हणून तुमचं फावतं.

आता माझं म्हणणं. वरचे १६,००० परत. विम्याच्या नावाखाली घेतलेले पैसे परत. फ्रिज आणि दिवाणाच्या दुरुस्तीचा खर्च. बंगईच्या कड्या-साखळ्या, चारही. हे महिनाभरात झालं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. तुमचं ऑफिस शोधत कुठल्या गावाला जायची मला गरज नाही. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदाराला तो राहतो तिथेच दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील नसला तरी चालतो. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली आहे. ज्या खात्यात तुम्ही पैसे घेतलेत त्याच्यावर कुणाचं तरी खरं नाव, खरा पत्ता आणि पॅन असणारच. आयोग आणि पोलीस ते बँकेकडून मागवू शकतात. टायरच्या दुकानाआड लपून तेवढं मात्र चुकणार नाही.

कॉलनीतल्या ज्या घरांचं क्वार्टर येत्या वर्षात सुटणार आहे, त्यांना मी हे पत्र वाचायला देते आहे. झेरॉक्सच्या दुकानदारानं तुमची कार्डं काढून टाकली आहेत; मी सांगितल्यावर लगेच काढली.

आणखी एक गोष्ट, आणि ती तुम्ही आजच्या आज करू शकता. त्या दुसऱ्या ट्रकमधून आमच्याकडे एक खोकं जास्तीचं उतरलं. आमचं नाही. वर निळ्या पेनानं फक्त 'देवघर' लिहिलेलं आहे, नाव नाही, नंबर नाही. आत काय आहे ते आम्ही उघडून पाहिलेलं नाही. ते कुणाचं आहे हे तुमच्या वहीत असणार, कारण त्यांचंही सामान तुम्ही त्याच ट्रकमध्ये घातलं होतंत, आणि त्यांनाही सातच्या सुमारास फोन केला असेल. त्यांचा नंबर मला पाठवा. खोकं मी स्वतः नेऊन देईन, आणि तक्रारीवर दुसरी सही त्यांची घेईन.